पेटीला काय दिसतं

प्रतीक्षा नावाच्या मुलीच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे शंभुलिंगअप्पांना नळदुर्गच्या सलूनमध्ये, गळ्यावर वस्तरा असताना आठवलं. आठवलं म्हणणंही तितकंसं खरं नाही. ते पत्र त्यांच्या मनातून गेलंच नव्हतं. दाढेत अडकलेल्या खोबऱ्याच्या कणासारखं ते सारखं जिभेला लागायचं आणि जीभ दर वेळी तिथून माघारी यायची. वहीतून फाडलेलं चौकटींचं पान, निळी शाई, डावीकडं कललेलं अक्षर. 'सर, तुम्ही मला ओळखत नाही. जळकोटच्या वसतिगृहात तुम्ही ती इंटरनेटची पेटी बसवली तेव्हा मी तुम्हाला पाणी आणून दिलं होतं. आम्ही मोबाईलवर काय बघतो ते त्या पेटीतून कुणाला दिसतं का? मला नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे. घरी सांगितलेलं नाही. काकांना कळलं तर ते मला घेऊन जातील, त्यांनी स्थळ बघून ठेवलं आहे. माझ्या मोबाईलला रिचार्ज नाही, इथल्या नेटवरच भरावा लागेल. महिनाअखेर शेवटची तारीख आहे. दिसतं की नाही, एवढंच कळवा. फोन न करता पत्र का लिहिते ते तुम्हाला कळेल.' कळलं होतं. पहिल्याच वाचनात कळलं होतं. अप्पांनी पानाची घडी घालून ते चष्म्याच्या डबीत ठेवलं. आता चष्मा काढताना ते रोज दिसायचं आणि चष्मा काढलेला असल्यामुळं वाचता यायचं नाही, ही सोय त्यांना बरी वाटायची. उत्तर तर एका शब्दाचं होतं. नाही. दिसत नाही. मी ती पेटी केली तेव्हा तिला डोळेच ठेवले नाहीत. पण लिहायला बसलं की हात थांबायचा. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं वसतिगृहातल्या परक्या पोरीला पत्र पाठवायचं, ते कुणाच्या हातात पडेल, कोण काय म्हणेल. आणि त्याच्याही खाली दुसरं काहीतरी होतं. नाही, हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

"अप्पा, तुमची पेटी लई कामाची निघाली बगा," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. अप्पांनी आरशात पाहिलं. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे सचिव योगीराज घोडके, केसांना काळा रंग लावून, गळ्याभोवती पांढरं फडकं बांधून आरामात रेलून बसले होते. आरशातल्या आरशात ते हसले. "कोण पोरगी कुठं हिंडती, काय बगती, कुणासंगं बोलती, समदं कळतंय. पालक लई खूश हायेत." अप्पांनी काही बोलायला तोंड उघडलं तसं न्हावी म्हणाला, "हलू नगा अप्पा, लागंल." वस्तरा गळ्याच्या मण्यावरून वर सरकत होता. गार पातं, त्यामागं उरलेला गरम पट्टा. अप्पा हलले नाहीत. "बोलत न्हाईत ते," योगीराज न्हाव्याला म्हणाले, "सत्काराच्या दिवशीबी बोलले न्हाईत. आमीच बोलून घेतलं त्यांच्या वाटचं." न्हावी हसला. अप्पाही हसले असावेत, कारण आरशातल्या म्हाताऱ्याचे गाल फेसाखाली हलल्यासारखे दिसले. त्या क्षणी त्यांना असं वाटलं की आरशातला तो माणूस सगळं ऐकून ठेवतोय आणि आपण इथं बाहेर नुसतं धड ठेवून बसलोय.

पेटी त्यांनी स्वतः केली होती. म्हणजे लोखंड विकतचंच, पोह्याच्या डब्यापेक्षा लहान, काळं, पंखा नसलेलं, मागं वायरी खोचायला चार भोकं. पण तिच्यात जे चालायचं ते त्यांचं. वसतिगृहातल्या कॉम्प्युटरांत बाहेरून कोणीतरी घुसून सगळ्या फाइली कुलूपबंद करून ठेवल्या होत्या, मुलींचे शिष्यवृत्तीचे कागद त्यात अडकले होते, म्हणून योगीराज त्यांच्याकडं आले होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी केलेला, निवृत्तीनंतर अणदूरच्या घरात मोडकी यंत्रं उघडून बसणारा, सोलापुरातून जाडजूड पुस्तकं छापून बांधून आणणारा दुसरा माणूस आसपास नव्हता. अप्पांनी हो म्हटलं आणि मग कितीतरी दिवस त्यांना असं सुख लाभलं की ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तयार ऑपरेटिंग सिस्टिम येते ती लग्नघरासारखी भरलेली असते. छपाईची सोय, आवाजाची सोय, टपालाची सोय, नाना भाषांच्या फाइली, कधी कोणी न उघडणारी मदतीची पानं. इंटरनेटच्या दारावर पहारा द्यायचा तर यातलं काय लागतं? जवळजवळ काहीच नाही. मधला गाभा, दोन्हीकडच्या वायरींशी बोलणारा भाग, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही याचे नियम, आणि ते नियम बदलायला आत शिरण्याचं एक दार. जे नाही त्याला कुणी फोडू शकत नाही, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं आणि पेन्सिलीनं खूण केली होती. ते काढत गेले. एक काढलं की पेटी बंद करून चालू करायची, अजून उठते का बघायचं, मग दुसरं. एकदा त्यांनी भलतंच काही काढलं आणि पेटी उठेचना. पडदा काळाच राहिला, आणि अप्पांना उगीचच आपल्या हातून कुणी दगावल्यासारखं झालं. पुन्हा पहिल्यापासून. समोर त्यांची बायको उमाबाई तुरीची डाळ निवडत बसायच्या.

"काय करताय एवढं त्यात?"

"काढतोय."

"काय काढताय?"

"नको असलेलं."

"मग ऱ्हाईल काय?"

"लागतं तेवढं."

"कुणाला लागतं तेवढं?" उमाबाईंनी सुपातून मान वर न काढता विचारलं होतं. अप्पांना तेव्हा तो अडाणी प्रश्न वाटला. शेवटी जे उरलं ते इतकं थोडं होतं की त्यांना ते पाठ झालं, घरातल्या भांड्यांसारखं. डोळे मिटून ते एकेक नाव म्हणू शकत. कोण कुठं जातं ते टिपून ठेवणारं काहीही त्यात नव्हतं. ते त्यांनी मुद्दामच ठेवलं नव्हतं. बाहेरून कोण दार वाजवतंय एवढं पेटी बघत होती. आत कोण काय करतंय हा तिचा विषयच नव्हता.

यालाही कारण होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही घडलेलंच नव्हतं. नोकरी लागली तेव्हा एक्स्चेंजला हातानं जोडणी करायचा बोर्ड होता. कानाला तो काळा जड हेडफोन, दुसऱ्याच्या घामानं ओलसर, आणि बोर्डाच्या कडेला ऐकायची कळ. लाइन नीट लागली का हे बघायला ती असे. दाबली की दोन माणसांच्या मधल्या जागेत आपण जाऊन उभे. इतर जण दाबून ठेवायचे, हसायचे, एकमेकांना खुणा करायचे. अप्पा लाइन लागल्यावर कळ सोडून द्यायचे. पण सोडण्याआधीचा तो एक क्षण चुकवता येत नसे, आणि त्या क्षणात शब्द नसायचे, श्वास असायचा. बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस जो श्वास घेतो तो. कोणाच्याही घरात शिरल्यावर येतो तसला वास त्याला असायचा, असं त्यांना वाटे. गावातल्या लोकांना मात्र हा सगळं ऐकतो याची खात्री होती. ते रस्त्यानं निघाले की पारावरचं बोलणं थांबायचं. लग्नात त्यांच्या शेजारी बसलेला माणूस मध्येच हवापाण्यावर यायचा. पोरसवदा वयात, अंगावर कोरा सदरा असताना, त्यांना कळलं की न ऐकलेल्या गोष्टींचं ओझंही माणसावर टाकता येतं आणि ते उतरवायला कुठलंही दार नाही. ते मुळात लाजाळू, त्यात हे. मग पुस्तकं. पुस्तक त्यांच्यापासून काही लपवत नसे आणि ते आपल्याला वाचतायत अशी शंका पुस्तकाला यायचं कारण नव्हतं.

जळकोटच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. दाढी झाली तसे ते घरी न जाता उलट्या दिशेच्या बसमध्ये चढले होते, आणि चढल्यावर त्यांना कळलं की आपण चढलोय. गळ्यावर तुरटी झोंबत होती. हायवेवरून हैदराबादकडं जाणारे ट्रक हाडं हलवून जात होते. सत्काराचा दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून हटेना. वसतिगृहाच्या दालनात स्टुलावर पेटी ठेवली होती आणि कुणीतरी तिला हळदीकुंकू लावून झेंडूचा हार घातला होता. कुंकू भोकात जाईल या काळजीनं अप्पांचा जीव खालीवर होत होता, पण सांगायचं कुणाला? शाल आली, नारळ आला, फोटो झाला. मग योगीराज माइकवरून म्हणाले, अप्पांनी दोन शब्द बोलावेत. समोर ओळीनं बसलेल्या मुली. त्या सगळ्या वर बघत होत्या. अप्पा माइकसमोर उभे राहिले आणि त्यांच्या तोंडाला कोरड पडली. काहीतरी द्यायला हवं होतं, शब्द नव्हते. खिशात एक घडी घातलेली चिठ्ठी होती. तिच्यावर पेटीच्या त्या एका दाराचा पासवर्ड लिहिला होता, मोठ्या अक्षरांत, आपल्यामागं काही झालं तर कुणी अडून नये म्हणून. ती लिफाफ्यात घालून, लाख लावून कपाटात ठेवायची असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. त्यांनी ती बाहेर काढली आणि योगीराजांच्या हातावर ठेवली. योगीराजांनी ती कपाळाला लावली. टाळ्या वाजल्या. काय दिलं हे दालनात कुणालाच कळलं नव्हतं, घेणाऱ्यालाही नाही, पण देण्याची रीत बरोबर पार पडली होती. अप्पा खाली येऊन बसले तेव्हा एका मुलीनं पाण्याचा पेला पुढं केला. तिचा चेहरा त्यांना आज आठवत नव्हता. पेला आठवत होता. स्टीलचा, कडेला चेपलेला.

वसतिगृहाच्या फाटकाशी गजराबाई पालेभाजीच्या जुड्या मोजून घेत होत्या. सगळं वसतिगृह त्यांच्या ताब्यात होतं. "या अप्पा. कळवलं न्हाई येताव म्हणून. सायबांना फोन लावती." अप्पा म्हणाले, "नको, जरा पेटी बघून जातो, जुनी झाली की तिला नवं काही घालावं लागतं." हे खोटं नव्हतं, पण बोलताना खोट्यासारखा आवाज आला. गजराबाईंनी फोन लावलाच. "येतेत म्हनाले. जेवून घ्या तवर." जेवणघरात मुलींची पंगत बसली होती. अप्पांना कडेला पाट दिला. ते मान खाली घालून भाकरी मोडत होते, तेवढ्यात गजराबाईंनी पदराआडून एक पाकीट काढलं, फोडलं आणि वाढणाऱ्या मुलीच्या हातात दिलं. "वाच गं." ती मुलगी वाटी खाली ठेवून वाचू लागली. कुणाच्या तरी मामाचं पत्र होतं, म्हैस व्याली, आजीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, चिंता नको. जिचं पत्र तीही सगळ्यांबरोबर ऐकत होती, घास हातात धरून. "हितली रीतच हाय," गजराबाई अप्पांना अभिमानानं म्हणाल्या, "आलेलं टपाल पंगतीत वाचायचं. मला चष्म्याबिगर दिसत न्हाई आनि चोरून ठेवल्यासारखं नगं. काय असंल ते समद्यांपुढं." वाचणं संपल्यावर मुलीनं कागद घडी करून जिच्या नावाचा तिला दिला. म्हणजे माझं 'नाही' इथं वाचलं गेलं असतं, अप्पांच्या मनात आलं. भाजीच्या वासात, पन्नास ताटांवर. कोणाला आलं, कोणी पाठवलं, कशाला नाही? पंगतीत कुठंतरी ती असणार. वर बघायचा धीर झाला नाही. मुलींच्या बांगड्यांचा, पेल्यांचा, कुजबुजीचा आवाज होता आणि त्या आवाजात एक जागा अशी वाटत होती की तिथं काहीच आवाज नाही, कोणीतरी श्वास धरून बसलंय. असेलच असं नाही. अप्पांना असलं वाटायचं.

योगीराज आले तेव्हा केस कुळकुळीत काळे होते आणि कानाच्या पाळीला रंगाचा डाग राहिला होता. त्यांनीच ऑफिसचं कपाट उघडलं. पेटी आत होती, हाराचा दोरा अजून तिला गुंडाळलेला. हात लावला तर गरम. अप्पांनी ठेवली तेव्हा ती कोमट असायची, अंगणात सावलीत ठेवलेल्या तांब्यासारखी. त्यांनी लॅपटॉप जोडला, पासवर्ड टाकला. तो बदललेला नव्हता. त्यांच्याच अक्षरांनी दार उघडलं. मग त्यांनी आत काय काय आहे त्याची यादी मागवली. पडद्यावर नावं खालून वर सरकू लागली आणि थांबायला हवी तिथं थांबली नाहीत. आपल्या घरात अंधारात चालताना पाय ओळखीच्या जागी पडत जावेत आणि मध्येच नको तिथं पायरी लागावी, तसं त्यांना झालं. ही नावं त्यांनी काढलेली होती. काहींशी तर ते दिवसदिवस झगडले होते. ती परत आली होती आणि सोबत आणखी कोणाकोणाला घेऊन आली होती. "नळदुर्गचा कॉम्प्युटरवाला आनला होता," मागून योगीराज म्हणाले, "तो म्हनला, पेटीत लई जागा मोकळी हाय, बसवतो की. आनि बसवलं बगा त्यानं. तुमी जागा ठेवली म्हनून बसलं." ते कौतुकानंच बोलत होते. खुर्ची ओढून ते अप्पांच्या खांद्याशी बसले. "दाखवा की, आमाला तेवढं एकच पान येतंय उघडाया."

पान उघडलं. डावीकडं मुलींची नावं, प्रत्येकीच्या मोबाईलला नाव दिलेलं, कोणीतरी बसून मोठ्या निगुतीनं दिलेलं. नावावर बोट ठेवलं की उजवीकडं गेल्या काही दिवसांत ती कुठं कुठं गेली ते. आत काय बोलली ते नाही. दार दिसत होतं, दारापलीकडचं नाही. पण दारंच पुरेशी होती. शंका लिहून विचारायची ठिकाणं, गाणी, दुखण्यांची माहिती, नोकऱ्या, एकीनं पुन्हा पुन्हा उघडलेली कुठल्याशा मदतकेंद्राची पाटी. अप्पांना ती पाटी वाचायची नव्हती, पण वाचून झाली होती. आणि खालच्या बाजूला प्रतीक्षाचं नाव होतं. त्यांचं बोट नावाजवळ येऊन थांबलं. कळ दाबली की मधल्या जागेत आपण उभे. ती या पेटीवरून फॉर्मच्या दारापर्यंत गेली असेल तर तिला आता लपून राहण्यात अर्थ नाही, आणि गेली नसेल तर अजून वेळ आहे. एवढं कळायला हवं होतं. उत्तर द्यायचं तर कळायला हवं होतं. असं म्हणून ज्यांनी ज्यांनी आजवर कळ दाबली त्या सगळ्यांचं म्हणणं हेच असणार, हेही त्यांना त्याच वेळी दिसत होतं. त्यांनी दाबली. उजवीकडं काही नव्हतं. कोरी जागा. वरपासून खालपर्यंत कोरी. पत्र टाकल्यापासून तिनं काहीच उघडलं नव्हतं. ती थांबली होती. आपल्या एका शब्दासाठी एक पोरगी एवढे दिवस हात आखडून बसली होती आणि तिचं ते थांबणं इथं असं स्वच्छ दिसत होतं की तेवढं स्वच्छ दुसऱ्या कुणाचंच काही दिसत नव्हतं.

"ही एक बेरकी हाय," योगीराज कोऱ्या जागेकडं बोट करून म्हणाले.

"का? काही बघितलंच नाही तिनं."

"तेच की. बाकीच्या पोरी बगतेत, ही बगत न्हाई. म्हंजे काय तरी लपिवती. तिच्या चुलत्याला सांगून ठिवलंय मी, ध्यान असू द्या म्हनून. आपल्याच पावन्यातला हाय. पुढच्या आठवड्यात घिऊन जातो म्हनला."

"हे काढायला पाहिजे," अप्पा म्हणाले. आवाज इतका हलका निघाला की योगीराजांनी कान पुढं केला. "काय काढायला पायजे?"

"हे सगळं. मी हे ठेवलं नव्हतं."

"तुमी न्हाई ठिवलं. आमी ठिवलं." योगीराज हसले, रागावले नाहीत. "पेटी संस्थेची हाय की अप्पा. तुमचा सत्कार झाला त्या दिवशीच चावी आमच्या हातात दिली तुमी, समद्यांदेखत. आता परत घ्यायला लागले व्हय? चा घेनार का?" त्यांनी गजराबाईंना हाक मारली. अप्पांचं बोट अजून कळेवरच होतं. काढता आलं असतं. आत्ता, इथं, यांच्या नाकासमोर. एकेक नाव पुसून पेटी पुन्हा रिकामी करता आली असती. पण रिकामी केली की पुन्हा जागा होणार होती. ज्याला ते आयुष्यभर नीटनेटकेपणा म्हणत आले तो दुसऱ्याला नुसता मोकळा कोपरा दिसत होता. आणि पुसून मुलींना काय कळणार होतं? पोरी पहिल्यासारख्याच राहिल्या असत्या, कुणी पाठीशी उभं आहे की नाही हे न कळता. त्यांनी लॅपटॉप मिटला. चहा आला तो त्यांनी बशीत ओतून प्यायला. बाहेर पडताना जिन्याशी एक मुलगी बादली घेऊन उभी होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. विचारल्यासारखं पाहिलं, की अप्पांनाच तसं वाटलं? मागं योगीराजांची पावलं होती. अप्पा खाली बघून पुढं गेले आणि फाटकाबाहेर आल्यावर त्यांना जाणवलं की आपण त्या मुलीच्या चेहऱ्याऐवजी, त्या वेळच्या पेल्यासारखी, बादलीच बघितली.

घरी आल्यावर त्यांनी चष्म्याची डबी उघडली आणि पान उमाबाईंपुढं धरलं. लग्न होऊन उमाबाई घरात आल्या तेव्हापासून त्यांना आपलं टपाल अप्पांनी कधी दाखवलं नव्हतं. दाखवण्याजोगं येतही नसे. उमाबाईंनी लांब धरून, ओठ हलवत सगळं वाचलं.

"कधी आलं हे?"

अप्पांनी सांगितलं.

"आनि तुमी काय केलं?"

"विचार."

"हं." त्यांनी पान घडी करून परत दिलं. "दिसतं का मग?"

"दिसतं. मी बघून आलो." मग ते म्हणाले, "मीसुद्धा बघितलं." उमाबाईंनी कंदिलाएवढा मोठा स्टीलचा डबा झाकला, हात पदराला पुसले. "लिवा की मग. बसलाव कशाला?" अप्पांनी त्यांना पंगतीतलं वाचन सांगितलं. पाकीट फोडलं जातं, सगळ्यांपुढं वाचलं जातं, तिच्या नावानं लिहिलं तर तिनं विचारलं होतं हे उघडं पडेल. उमाबाई ऐकत होत्या. "समद्यांपुढं वाचत्यात?" त्यांनी पुन्हा विचारलं. "मग समद्यांना लिवा." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की अप्पांना पहिल्यांदा त्याचा अर्थच लागला नाही. आयुष्यात त्यांनी एकदाही समद्यांना काही सांगितलं नव्हतं. बसल्याजागी त्यांच्या तोंडाला ती माइकसमोरची कोरड पडली. योगीराज, तिचा चुलता, संस्था, सलूनमधला न्हावी. नळदुर्गपासून जळकोटपर्यंत सगळे म्हणतील, शाल पांघरून घेतली आणि आता संस्थेचं नाव बद्दू करतोय. म्हणतील, पोरींना फूस लावतोय. पुन्हा पारावरचं बोलणं थांबेल. आणि यातलं काही झालं नाही, पत्र पंगतीत वाचलंच गेलं नाही, गजराबाईंनी वास लागून चुलीत घातलं, तर? पण पाकीट असलं तरच ते फोडायला गजराबाईंच्या हाती जातं. उघडं पोस्टकार्ड तर पोस्टमन फाटकात ज्या पोरीच्या हातात देईल ती चालता चालता वाचेल. ज्याच्या ज्याच्या हातातून जाईल तो वाचेल. वाचू दे.

त्यांनी ट्रंकेतून एक जुनं कोरं कार्ड शोधून काढलं आणि पत्त्याच्या जागी लिहिलं, वसतिगृहातील सर्व विद्यार्थिनींस, मुक्काम जळकोट. मागं लिहिलं, बारीक पण सुटं अक्षर काढून, परीक्षेत लिहितात तसं. 'तुमच्या वसतिगृहातील इंटरनेटच्या पेटीतून कोणत्या मोबाईलवरून कोणती साइट उघडली हे ऑफिसात दिसतं. आत काय लिहिलं ते दिसत नाही. जी काहीच उघडत नाही तिच्यावरही लक्ष ठेवलं जातं. ही पेटी मी तयार केली. ती अशी नव्हती. तिचा पासवर्ड मी दिला, ती चूक माझी आहे. कुणालाही कसलाही फॉर्म भरायचा असेल, कुणाशी बोलायचं असेल, तर अणदूरला आमच्या घरी यावं. आमच्या घरचं नेट वेगळं आहे. कुणी काही विचारणार नाही.' उमाबाईंनी खांद्यावरून वाचलं. "माजं नाव घाला त्यात. तुमच्या एकट्या म्हाताऱ्याच्या घरी पोरी कशाला येतील?" अप्पांनी उरलेल्या कडेला आडवं लिहिलं, 'उमाबाई कोरे घरी असतात.' लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि प्रत्येक वाक्य त्यांना चुकीचं वाटलं. 'ती अशी नव्हती' हे खोडावं का? कोणाला काय त्याचं, ती कशी होती. खोडायला गेले तर कार्डावर डाग पडेल, मग काय खोडलं म्हणून लोक तेच वाचत बसतील. राहू दिलं.

सकाळी पोस्टात गर्दी नव्हती. अनिसा, गेल्या वर्षी बदली होऊन आलेली पोस्टमास्तरीण, दोन बायकांची बचतखात्याची पुस्तकं भरून देत होती. अप्पा टपालपेटीत कार्ड टाकून निघून गेले असते, पण जुन्या कार्डाला तिकीट पुरेल का याची शंका होती आणि शंका आली की ते विचारल्याशिवाय राहू शकत नसत. त्यांनी जाळीखालून कार्ड आत सरकवलं. "हे आजच्या टपालात जाईल का, बेटा? तिकडं उद्या पोचायला हवं."

"जायेगा की अप्पा, गाडी येयाची हाय अजून." अनिसानं कार्ड उलटं केलं आणि वाचायला लागली. अप्पा जाळीला धरून उभे राहिले. जाळी गार होती. ती मुलगी भराभरा वाचत नव्हती. ओळीवर ओळ, एकदा मागं जाऊन पुन्हा. त्या दोन बायका बाकावर बसून त्यांच्याकडं बघत होत्या. पंखा फिरत होता आणि काउंटरवरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांवर वजनाचे बाट ठेवले होते. अनिसाचे ओठ हलायचे थांबले. तिनं वर पाहिलं. तिच्या नजरेत काय होतं ते अप्पांना ओळखता आलं नाही, पण या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही.

"माजी भैन हाय तिथं," ती हळू म्हणाली. "आठवीला." मग कार्ड जाळीखालून पुन्हा त्यांच्याकडं ढकललं.

"नको पाठवू म्हणतेस?"

"तसं न्हाई. खाली नाव कुठाय तुमचं? उमाअम्मीचं लिवलंय, तुमचं न्हाई. बिनानावाचं कोन वाचंल, अप्पा? म्हनतील कुनीबी टाकलं."

अप्पांनी कार्ड पाहिलं. खरंच नव्हतं. 'मी तयार केली', 'मी दिला', आणि तो मी कोण हे कुठंच नव्हतं. विसरलो, असं ते म्हणणार होते. पण विसरलो का, हे त्यांचं त्यांनाच कळेना. काउंटरला दोऱ्यानं बांधलेलं पेन होतं. दोरा आखूड, त्यामुळं त्यांना वाकावं लागलं. जागाही उरली नव्हती. उमाबाईंच्या ओळीखाली कार्डाची कड होती तेवढीच. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढं गाव. दोन ठिकाणी पेन उमटलं नाही तिथं पुन्हा गिरवलं. अनिसानं कार्ड घेतलं, तिकीट पुरत नव्हतं म्हणून आपल्याकडचं एक चिकटवलं, आणि शिक्का शाईत दाबून त्याच्यावर मारला. मग ते थैलीत टाकलं.